पक्षी बघायला निघण्याआधी पाणी बघा: नाशिककर नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

थंडी पडली की नाशिकमधली बरीच कुटुंबं एखाद्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला जाऊन येतात आणि त्यातली कित्येक हिरमुसून परततात. "चार बगळे दिसले, बाकी लांबवर नुसते काळे ठिपके." खोदून विचारलं की चित्र स्पष्ट होतं. नाश्ता करून नऊला निघाले, साडेदहाला पोहोचले, ऊन समोरून डोळ्यांत, दुर्बीण एकच आणि तीही खेळण्यातली. त्या ठिपक्यांमध्ये तिबेटकडून आलेले चक्रवाक होते, थापटे होते, तलवार बदकं होती, पण ती दिसण्याची सोय कुणी केलेली नव्हती.

ही सोय कशी करायची ते इथे सांगतो. सुरुवात घराजवळच्या गोदावरीपासून, मग गंगापूर धरण, मग नांदूरमध्यमेश्वर आणि शेवटी ठाण्याची खाडी. सगळीकडे नियम एकच: पक्ष्यांची यादी पाठ करण्याआधी पाणी वाचायला शिका. पाणी किती खोल आहे, चढतंय की उतरतंय, चिखल कुठे उघडा पडलाय, हे ज्याला कळलं त्याला पक्षी शोधत फिरावं लागत नाही.

## १. पाणी कसं वाचायचं

पाणपक्ष्यांचं सगळं गणित पायांच्या आणि मानेच्या लांबीवर चालतं. तुतवार आणि छोटे धोबी ओल्या चिखलावर फिरतात. शेकाट्याचे पाय लांब, म्हणून तो वीतभर पाण्यात उभा राहतो. चमचा, चित्रबलाक, राखी बगळा त्याहून थोड्या खोल पाण्यात. तलवार बदक, थापट्या यांसारखी बदकं डोकं पाण्यात खुपसून आणि शेपटी वर करून खातात, त्यांना उथळ पाणी लागतं. लालसरीसारखी बदकं बुडी मारून तळाचं खातात, ती खोल पाणी पसंत करतात. पाणकावळे आणि नदी सुरय यांना मासा हवा, मग पाणी किती का खोल असेना.

यावरून एक गोष्ट लगेच लक्षात येईल. काठोकाठ भरलेलं धरण माणसाला सुंदर दिसतं, पण पक्ष्यांच्या दृष्टीने त्याच्या काठावर फारसं काही नसतं. पाणी थोडं उतरून चिखलाची पट्टी उघडी पडली की खरी वर्दळ सुरू होते. गंगापूर धरण ऑक्टोबरात तुडुंब असतं तेव्हा पाणकावळे सोडून फार काही मिळत नाही. तेच फेब्रुवारी-मार्चमध्ये फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पसरलेलं पाणी, मागे सरकला की काठावर पक्षी वाढतात.

नांदूरमध्यमेश्वरला हे आणखी ठळकपणे कळतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. गेली शंभर वर्षं त्यात गाळ साचत गेला आणि त्या गाळानेच हे पक्ष्यांचं गाव उभं केलं. साठवणुकीच्या हिशेबात गाळ म्हणजे नुकसान, पण इथली उथळ पाणथळ जागा, बेटं, पाणकणसाची दाट बनं सगळी त्याच्यावरच उभी आहेत. बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटायचं असलं की वरून गंगापूर, दारणा या धरणांतून पाणी येतं, बंधाऱ्याची पातळी हलते आणि पक्षी जागा बदलतात. कालपर्यंत मनोऱ्यासमोर बसलेली बदकं आज दुसऱ्या काठाला गेलेली असतात.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी दोन कामं करा. वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर आवर्तनाची बातमी आहे का पाहा. आणि अभयारण्यातल्या एखाद्या स्थानिक गाईडला फोन करून विचारा, "दादा, सध्या पाणी कसंय? बदकं कुठल्या बाजूला आहेत?" पक्षी कुठले आलेत हे विचारायची घाई नको. पाण्याचं उत्तर मिळालं की पुढचं आपोआप कळतं.

## २. कधी जायचं

हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते मार्च. पण पहिली मोठी फेरी डिसेंबरच्या मध्यानंतरच ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. याला कारण आहे. उत्तरेकडून येणारे बदकांचे नर सुरुवातीला मातकट पिसांत असतात आणि मादीसारखेच दिसतात. हिवाळा चढत जातो तसे त्यांचे रंग खुलतात. नवख्या माणसाने ऑक्टोबरच्या शेवटी जाऊन एकसारख्या तपकिरी बदकांपुढे डोकं धरून बसण्यापेक्षा जानेवारीत जावं. तेव्हा थापट्याचं हिरवं डोकं आणि तांबूस कूस लांबूनही ओळखू येते.

वेळ: सूर्य उगवताना तुम्ही पाण्याजवळ असायला हवं. जानेवारीत नाशिकला सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, म्हणजे घरून साडेपाचला निघा. निफाड तालुक्याची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे, पारा किती खाली गेला याच्या बातम्या दरवर्षी येतात. द्राक्षबागांतून शेकोट्या पेटलेल्या दिसतात. अशा दिवसांत पाण्यावर धुकं बसतं आणि आठ वाजेपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही. घाबरून परत फिरू नका. त्या वेळात आवाज ऐका, गरम चहा घ्या. धुकं फिटतं तेव्हा पक्षी अगदी जवळ बसलेले सापडतात.

साडेदहानंतर उन्हाने पाण्यावरची हवा थरथरू लागते. चांगली दुर्बीणही मग उपयोगाची राहत नाही. दुपारी विश्रांती घ्या, हवं तर साडेतीननंतर पुन्हा बसा.

सुट्टीचा दिवस शक्य असेल तर टाळा. रविवारी मनोऱ्यावर गर्दी असते आणि आवाजही.

## ३. सोबत काय घ्यायचं

सगळ्यात आधी दुर्बीण. कॅमेरा नंतर, कितीतरी नंतर. दुर्बिणीवर ८x४२ किंवा १०x४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवशिक्याने ८x४२ घ्यावी. दहापटीत हाताची थरथरही दहापट होते आणि दृश्याचा आवाका कमी होतो, त्यामुळे उडता पक्षी सापडत नाही. जत्रेत किंवा घाटातल्या टपरीवर '५०x५०' लिहिलेल्या दुर्बिणी मिळतात, त्या हातातही घेऊ नका. चांगली दुर्बीण दहा हजारांच्या आतबाहेर सुरू होते. एवढा खर्च लगेच नको असेल तर पहिल्या काही फेऱ्या कुणाची तरी मागून घ्या किंवा गाईडसोबत जा.

चष्मा लावणाऱ्यांनी दुर्बिणीच्या डोळ्यांकडच्या रबरी कड्या आत दुमडून किंवा फिरवून खाली कराव्यात, म्हणजे पूर्ण गोल दिसतो. ही साधी गोष्ट न कळल्यामुळे "मला दुर्बिणीतून दिसतच नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर आधी डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून चित्र स्पष्ट करा, मग उजव्या बाजूची कडी फिरवून उजवा डोळा जुळवा. हे एकदा घरीच गच्चीवर करून ठेवा.

बाकीचं:

- ओळखपत्र (आधार किंवा लायसन्स), मूळ आणि एक झेरॉक्स
- प्रवेश, कॅमेरा, वाहन आणि गाईड यांच्या शुल्कासाठी सुट्टे पैसे. नेटवर्क नसलं की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.
- खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल
- कानटोपी, स्वेटर, आणि दहानंतरच्या उन्हासाठी टोपी
- मातकट, हिरवे किंवा राखाडी कपडे. पांढरा, लाल, भडक पिवळा नको.
- चिखलात चालतील असे बूट
- पाणी, चहाचा थर्मास, शेंगदाणे-गूळ किंवा पोळीभाजी. कचरा परत आणण्यासाठी पिशवी.
- मोबाइलमध्ये 'मर्लिन' अॅप, भारताचा संच आदल्या रात्रीच उतरवून ठेवलेला

मर्लिन आवाज ऐकून आणि फोटो पाहून पक्ष्याचं नाव सुचवतं. चांगलं आहे, पण ते फक्त सुचवतं. स्वतःच्या डोळ्यांनी खूण पटल्याशिवाय ते नाव वहीत लिहू नका.

## ४. पहिली शाळा घराजवळ

नांदूरमध्यमेश्वरला पहिल्याच दिवशी जाऊ नका. हजारभर पक्षी एकदम समोर आले की एकही धड बघितला जात नाही. त्याआधी आठवड्यातून दोनदा गोदाकाठी जा. सोमेश्वर, आनंदवल्ली, तपोवन, जे जवळ असेल ते. इथे बारमाही पक्षी आहेत आणि ते माणसांना सरावलेले आहेत.

वंचक काठावर दगडासारखा निश्चल बसलेला असतो, उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. खंड्या तारेवर, कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत तरंगतो आणि सरळ खाली कोसळतो. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो. हे पाच पक्षी दुर्बिणीशिवाय ओळखता येऊ लागले की पुढच्या पायरीला तुम्ही तयार आहात. त्यांचे आकार आणि चाली डोळ्यांत बसल्या की वेगळा पक्षी समोर आल्यावर तो वेगळा आहे एवढं तरी लगेच कळतं, आणि ओळखीची सुरुवात तिथूनच होते.

मग गंगापूर धरण. शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. धरणाच्या भिंतीवर जाण्याच्या भानगडीत पडू नका, ती संरक्षित जागा आहे. फुगवट्याच्या बाजूला, गंगावऱ्हे आणि सावरगावच्या दिशेने रस्ता पाण्याच्या कडेने जातो. तिथे थांबत थांबत बघा. नदी सुरय, राखी बगळा, हिवाळ्यात नशीब असेल तर मासे पकडणारा कैकर. काठाची शेतं लोकांची आहेत. बांधावर पाय ठेवण्याआधी जो दिसेल त्याला "दादा, पाण्यापर्यंत जाऊ का?" एवढं विचारा. कुणी नाही म्हणत नाही, उलट "काल तिकडे मोठे करकोचे बसले होते" अशी खबर मिळते.

## ५. नांदूरमध्यमेश्वर

१९८६ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. 'महाराष्ट्राचं भरतपूर' हे नाव त्याला सलीम अलींमुळे चिकटलं. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश जाहीर झाला आणि ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, तिथून सायखेडा आणि पुढे चापडगाव. साधारण चाळीस किलोमीटर. अभयारण्याभोवती चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, करंजगाव, कोठुरे अशी बरीच गावं आहेत, पण नवशिक्याने चापडगावलाच जावं. प्रवेशाची खिडकी, गाईड आणि निरीक्षण मनोरे तिथे आहेत. रेल्वेने यायचं तर जवळचं स्टेशन निफाड. पहाटे पोहोचायचं असेल तर एसटीच्या भरवशावर राहू नका, चौघांनी मिळून गाडी करा.

रस्त्यावर जपून. त्या वेळी उसाच्या ट्रॉल्या दिवे न लावता चालतात. आणि गाडी थांबवून उसाच्या शेतात शिरू नका, अगदी लघवीसाठीही. निफाडच्या उसात बिबटे राहतात. अंधारात एकट्याने बांधावरून चालत जायचं नाही, मुलांना तर अजिबात पुढे सोडायचं नाही. हे भीती घालायला सांगत नाही, तिथले शेतकरीही रात्री पाणी द्यायला जाताना हीच काळजी घेतात.

गाईड घ्याच. गावातलीच मुलं आहेत, वन विभागाकडून शिकलेली. पाणी कालच्यापेक्षा किती हललं, कुठलं बेट उघडं पडलं, हे त्यांना रोज दिसतं. तुमच्या हातात कितीही चांगलं पुस्तक असलं तरी ही माहिती त्यात मिळणार नाही. शिवाय पक्षी टिकले तर गावात पैसा येतो, हे गावाला दिसणं अभयारण्याच्या हिताचं आहे.

मनोऱ्यावर चढल्यावर लगेच दुर्बीण डोळ्याला लावू नका. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू निवडा. समोर सूर्य असेल तर रंग मरतात आणि सगळे पक्षी काळे दिसतात. मग नुसत्या डोळ्यांनी पाण्याचे भाग पाडा: चिखल, उथळ पाणी, खोल पाणी, पाणकणसाची कड, झाडं. एकेक भाग डावीकडून उजवीकडे सावकाश दुर्बिणीने तपासा. पाणकणसाच्या कडेला जास्त वेळ द्या. जांभळी पाणकोंबडी तिथे लाल पाय उचलत, देठ मोडून खात फिरत असते आणि ती बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं.

एक गोष्ट मुद्दाम थांबून बघण्यासारखी आहे. दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पाण्यावरून अगदी खालून, पंख उंच व्ही आकारात धरून संथपणे येतो. तो दिसायच्या आधीच पाण्यावर हालचाल सुरू होते. सुटे सुटे पोहत असलेले वारकरी नावाचे काळे पाणपक्षी एकमेकांकडे सरकू लागतात, बघता बघता त्यांचा एक काळा, दाट गठ्ठा होतो आणि त्याच्या कडेचे पक्षी पाय आपटत पाणी उडवतात. बदकं मात्र उठतात, सगळी एकदम, आणि हवेत दोन चकरा मारून पुन्हा उतरतात. भोवत्या बहुतेक वेळा रिकामाच पुढे जातो, कारण त्याला हवा असतो एकटा पडलेला, जखमी पक्षी. बदकं उठली की फोटोसाठी धावू नका, ती का उठली ते शोधा. शिकारी पक्षी सापडण्याची याहून सोपी रीत नाही.

## ६. ओळख कशी पटवायची

रंगापासून सुरुवात करू नका. क्रम असा ठेवा: आकारमान, चोच, पाय, चाल, मग रंग. नांदूरला हमखास दिसणाऱ्या काहींच्या खुणा देतो.

वारकरी: काळाकुट्ट, चोच आणि कपाळ पांढरं. सगळे याला बदक समजतात, पण तो बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे. उडताना पाण्यावर बराच पळतो.

थापट्या: चोच टोकाशी रुंद, शरीराच्या मानाने फारच मोठी. चार-सहा थापटे गोल गोल फिरत पाणी घुसळतात आणि वर आलेलं गाळून खातात.

तलवार बदक: नराची मान लांब आणि पांढरी, डोकं चॉकलेटी, शेपटीची पिसं सुईसारखी टोकदार. पाण्यावर इतर बदकांपेक्षा डौलदार दिसतं.

हळदी-कुंकू बदक: आपलं इथलंच, बारमाही. चोच काळी, टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. पाहुण्या बदकांशी तुलना करायला आधी हे नीट बघून घ्या.

चक्रवाक: नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोकं. पाण्यापेक्षा उघड्या काठावर, बहुतेक जोडीने. आवाज लांबवर ऐकू येतो.

मुग्धबलाक: करकोच्यांमधला लहान. मिटलेल्या चोचीच्या मध्ये फट दिसते. गोगलगायी खातो.

चित्रबलाक: पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली चोच, पाठीवर मागच्या बाजूला गुलाबी छटा.

चमचा: पांढरा, काळी चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. झोपलेला असला की चोच पंखात लपवतो आणि बगळा वाटतो, म्हणून तो जागा होईपर्यंत थांबा.

बदकांच्या तपकिरी माद्या पहिल्या वर्षी सोडून द्या. त्या कुठल्या नरासोबत आहेत त्यावरून अंदाज बांधा, पुरेसं आहे. आकाशातल्या घारी-गरुडांच्या ओळखीतही लगेच अडकू नका. "ओळख पटली नाही" असं वहीत लिहिणं हीसुद्धा चांगली नोंद आहे.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, नांदूरला कधीतरी दिसतात, पण त्यांच्या भरवशावर नांदूरला जाऊ नका. रोहित बघायचे तर खाडीवर जावं लागतं.

## ७. खाडीची फेरी: तिथी बघून ठरवा

नाशिककराला समुद्र दुरूनच माहीत, त्यामुळे सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. धरणाचं पाणी आठवड्याने हलतं, खाडीचं तासाने. सकाळी लवकर गेलं की झालं, हा धरणावरचा नियम खाडीवर चालत नाही.

ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तेही रामसर यादीत गेलं. रोहित साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतात. पूर्ण ओहोटीला चिखल मैल-मैल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर दूरवर पांगतात. पूर्ण भरतीला चिखल झाकला जातो आणि ते दुसरीकडे विसाव्याला जातात. मधली वेळ आपली: भरती चढत असताना पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. म्हणून भर भरतीच्या आधीचे दोन-तीन तास गाठायचे.

भरतीची वेळ किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून काढतात. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भर भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर ती बाराच्या सुमारास येते आणि रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा अंदाज आहे. खाडीत आत जाल तशी भरती थोडी उशिरा पोहोचते. पण घरच्या दिनदर्शिकेवर दिवस ठरवायला तो पुरतो.

आता नाशिकचं वेळापत्रक यात बसवा. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटणारी पंचवटी एक्सप्रेस दहाच्या आतबाहेर ठाण्याला पोहोचते. तिथून वाशी किंवा पनवेलची लोकल धरून ऐरोली, पुढे रिक्षाने वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. म्हणजे तुम्ही अकराच्या सुमारास खाडीवर. तर भर भरती दुपारी एक ते तीनच्या दरम्यान हवी, आणि ती मिळते प्रतिपदा ते चतुर्थी या तिथींना. त्यांतला जो दिवस सुट्टीला जोडून येईल तो घ्या. संध्याकाळच्या पंचवटीने परत.

केंद्रातून बोट सुटते, पण ती भरतीच्या वेळेनुसारच. फेरीची वेळ, जागा आणि केंद्राची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून नोंदणी करा. नुसतं जाऊन उभं राहिलं तर दिवस वाया जातो. तिकीट काढण्याआधी बोट पक्की करा, उलट क्रम नको.

बोटीत बसल्यावर दोन जाती वेगळ्या करा. मोठा रोहित उंच, पांढरट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लाल-काळपट. चोच बघितली की शंका राहत नाही. दोन्ही डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळतात. त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातल्या शेवाळ आणि सूक्ष्म जीवांमधल्या रंगद्रव्यांतून येतो. आणि सगळे फक्त रोहितांकडे बघत असताना तुम्ही चिखलाकडेही बघा. पाणटिवळे, तुतवार, उचाट्या यांचे थवे तिथेच असतात.

टोपी, पाणी, उन्हापासून बचाव हे धरणापेक्षा इथे जास्त लागतं. दुपारची वेळ असते आणि बोटीवर सावली मिळेलच असं नाही.

## ८. या गोष्टी करू नका

उडवण्यासाठी दगड मारणं, टाळ्या वाजवणं, हाकारणं. थव्याचं एक उड्डाण म्हणजे सकाळभर खाल्लेल्यातून खर्च होणारी ताकद, आणि हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. परतीचा प्रवास अजून बाकी असतो.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं. तो आपल्या हद्दीत दुसरा आलाय असं समजून अस्वस्थ होतो, खाणं सोडतो.

घरट्याचा फोटो जागेच्या नावासह टाकणं. घरटं दिसलं तर मागे फिरा.

ड्रोन. अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, आणि पक्ष्यांना तो शिकारी पक्ष्यासारखाच वाटतो.

कोळ्याला पैसे देऊन "जरा थव्याजवळ ने" म्हणणं. अनेकदा चांगले लोकही फोटोच्या नादात हे करतात. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही तिथल्या तिथे नम्रपणे सांगा.

## ९. नोंद ठेवा आणि ती पाठवा

प्रत्येक फेरीची तारीख, जागा, सुरू-बंद वेळ, पाण्याची स्थिती आणि प्रत्येक जातीची अंदाजे संख्या लिहा. पाण्याची स्थिती विसरू नका. "बंधारा अर्धा रिकामा, पश्चिमेला चिखल" एवढी एक ओळ पुढच्या वर्षी तुमच्याच कामाला येईल. मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि अशा किती जागा भरतील ते बघा.

'ई-बर्ड' या पक्षी नोंदींच्या संकेतस्थळावर खातं फुकट उघडता येतं. तिथे टाकलेली यादी अभ्यासकांना वापरता येते. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तीत नवशिक्यांनाही अनुभवी माणसांसोबत घेतलं जातं. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. या दिवसांत होणाऱ्या फेऱ्यांना जा. जाणकार माणसाच्या शेजारी दोन तास उभं राहून जे शिकता येतं ते घरी बसून शिकता येत नाही.

संक्रांतीच्या आसपास गेलात तर झाडांवर आणि तारांवर नायलॉन मांजा लटकलेला दिसेल. हाताशी असेल तेवढा गुंडाळून पिशवीत घाला, तो पाण्याकाठी सोडू नका. त्यात अडकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर स्वतः ओढून सोडवू नका, पंख तुटतो. कापड टाकून त्याला शांत ठेवा, पाणी पाजू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून नेमकी जागा सांगा. गाव, जवळचं मंदिर किंवा शाळा, आणि पाण्याचा कुठला काठ, एवढं सांगितलं की माणूस पोहोचतो.